महाराजांची जीभ

कढईवरचं झाकण उचललं की महाराज आधी वाफ जाऊ द्यायचे. मग डोळे बारीक करून आत पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्या वेळी त्यांच्या आसपास उभं राहणं ही शिक्षाच असायची. लग्नघरी मुलीचा बाप घामाघूम, मामा चुळबुळ करतोय, आणि मी माझी भांडी आवरायची सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. बऱ्याच वेळाने ते झाकण बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "बिघडलं नाही, भाऊ. बदललं."

असं बोलणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपल्या घरात पाणी शिरलं की ती म्हणतात, बरं झालं, फरशी धुऊन निघाली. खरं सांगतो, अशा लोकांचा मला राग येतो. पाणी त्यांच्या घरात शिरलेलं नसतं. महाराजांचं मात्र तसं नव्हतं. झाकणाखाली जे काही झालेलं असायचं ते त्यांच्याच अंगावर येणार असायचं, आणि तरीही ते तसं म्हणायचे.

जानेफळात माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, कढया, पातेली, सगळं भाड्याने देतो. महाराज आमचे आचारी. आमच्याकडे आचाऱ्याला महाराजच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव गावात फार कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसावं. उंच, काटकुळे, कमरेला पंचा आणि खांद्यावर दुसरा पंचा. जिथे त्यांचा झारा तिथे माझी कढई, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी होती.

माझा स्वभाव मुळात धसक्याचा. आभाळात ढग दिसला की मला उडालेला मांडव दिसतो. पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला की मला ती दरीत दिसते. महाराज मला म्हणायचे, "भाऊ, तुम्ही सैपाक व्हायच्या आधीच उष्टी काढता." मी चिडायचो, पण त्यांच्यासोबत काम घेतलं की मला जेवण जायचं, हेही खरं.

एका लग्नात वरण लागलं. चुलीजवळ बसवलेला गडी वरात पाहायला गेला आणि तेवढ्यात तळ धरला. जळका वास मांडवापर्यंत गेला. नवरदेवाचे काका आधीच कशावरून तरी रुसलेले होते, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. टोपी डोक्यावर जायचा अवकाश, वरात परत फिरली असती. मुलीचा बाप माझा हात सोडायला तयार नव्हता. त्याच्या हाताचा घाम मला अजून आठवतो.

महाराजांनी पातेल्यात झारा घातला नाही आणि कोणाला घालूही दिला नाही. वरचं वरचं वरण अलगद दुसऱ्या पातेल्यात उपसलं. मग चुलीतला लालभडक निखारा वाटीत घेतला, ती वाटी वरणात तरंगत ठेवली, निखाऱ्यावर तुपाची धार सोडली आणि झाकण लावलं. धूर आत कोंडला. "आता वास कायचा आहे हे कोणी विचारलं तर धुंगाराचा सांगा," ते म्हणाले. पंगत बसली. रुसलेल्या काकांनी दोनदा वरण मागून घेतलं, आणि जाताना मुलीच्या बापाला विचारलं, हे धुंगारी वरण तुमच्याकडे नेहमी करतात काय. बाप हो म्हणाला. पुढची दोन-तीन लग्नं लोकांनी महाराजांकडून मुद्दाम धुंगारी वरण करून घेतलं.

पण 'बिघडलं नाही, बदललं' हे वाक्य ते वाटेल तिथे वापरत नसत, हे मला सांगितलंच पाहिजे. एका घरी तरुण मुलगा गेला होता. तेराव्याचा स्वयंपाक महाराजांकडे होता. तिथल्या एका टवाळ पाहुण्याने विचारलं, "काय महाराज, आज नाही म्हणत तुमचं ते?" महाराज भातावरचं झाकण धरून उभे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "इथं बिघडलंच आहे," ते म्हणाले. "इथं काही बदलवता येत नाही. लोकायले गरम वाढा, तेवढंच आपल्या हातात आहे." त्यांच्या त्या वाक्याचा मला जो थोडाफार राग यायचा तोही तेव्हापासून बंद झाला.

मग त्यांचा आवाज बसला. आधी आम्ही धुराला दोष दिला, मग थंडीला. आवाज काही उठेना तेव्हा अकोल्याला नेलं आणि गळ्यात गाठ निघाली. गळ्याला मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. गाठ विरली म्हणाले. महाराज घरी आले तेव्हा खांद्यावरचा पंचा खांद्यापेक्षा रुंद दिसत होता.

गाठ विरली, पण जाताना चव घेऊन गेली. साखर आणि मीठ त्यांना सारखंच लागायचं. वास यायचा, तोंडात घास जायचा आणि पुढे काहीच नाही. चव परत येईल, नाही येईल, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी एक मात्र बजावून सांगितलं होतं. माणूस खात नसेल तर दिलेल्या शेकाचा उपयोग नाही, आणि वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

महाराज खात नव्हते. घास तोंडात घोळवायचे आणि पंच्यात टाकायचे. गावभर जेवू घातलेला माणूस घरात बसून उपाशी मरत होता, आणि आम्हाला ते रोज दिसत होतं.

एक दिवस मी घरून शिरा घेऊन गेलो. बायकोने भरपूर तूप घालून केला होता. महाराजांनी चमचाभर तोंडात घेतला, डोळे मिटले, थोडा वेळ तसेच बसले. मग उठून मोरीवर थुंकून आले. "माती आहे, भाऊ," ते म्हणाले. "ओली माती."

धीर द्यायचा म्हणून त्यांचंच त्यांना परत दिलं. म्हणालो, "महाराज, बिघडलं नाही, बदललं."

ते माझ्याकडे असं पाहत राहिले की मी नजर खाली घातली. "ते कढईले म्हणाचं असते," ते म्हणाले. "माणसाले नाही. आन् तुम्ही आता मले कामाले बोलावू नका."

घरी येताना मला त्यांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. या माणसाला नळी लागणार, आणि नळी लागली की तो उठणार नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं. माझं दिसणं नेहमीच वाईट असतं, पण या वेळी गावातही कोणाला वेगळं दिसत नव्हतं.

त्यातच मारुतीचा भंडारा आला. दरवर्षी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असतं, आणि सगळं गाव जेवतं. मेहकरचा आचारी ठरवला होता. आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला की त्याच्या साडूच्या घरी काही झालंय, येणं होत नाही. भंडारा करणाऱ्या मंडळाची माणसं माझ्या दुकानात येऊन बसली, जणू आचारी मी भाड्याने देतो.

मी महाराजांकडे गेलो ते फक्त दुसऱ्या कोणाचं नाव विचारायला. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात डाळ निवडत होती. बुटकी, गप्प बाई. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी "या" आणि "चहा घ्या" याच्यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी अडचण सांगितली. महाराजांनी कूसही बदलली नाही.

डाळ निवडता निवडता वहिनी म्हणाली, "हेच जातीन."

"काऊन थट्टा करतं?" खाटेवरून आवाज आला. "मले जीभ आहे का?"

"भंडाऱ्याच्या सैपाकाले तुम्ही आजवर कधी बोट तरी लावलं का?" ती म्हणाली. सुपावरचा हात थांबला नव्हता. "नैवद्य निघेपर्यंत कोणीच चाखत नाही. त्या दिवशी जीभ असून काय आन् नसून काय?"

आमच्याकडे रीतच तशी आहे. देवाला नैवेद्य जायच्या आधी स्वयंपाकातलं काही चाखलं तर ते उष्टं होतं. जन्मभर महाराजांनी भंडारे केले ते हाताने, नाकाने आणि नजरेने केले होते. हे मलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि आम्ही दोघं इतके दिवस जीभ गेली जीभ गेली म्हणत बसलो होतो.

"आन् हात चुकला तर?" महाराज कूस बदलून म्हणाले.

"तर मारुतीच्या नावानं लोकं एक दिवस आळणी खातीन," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज देवळामागे आले. चालत आले, पण मध्ये दोनदा बसले. गोवऱ्यांचा जाळ पेटला होता, बायका रोडग्यांची कणीक मळत होत्या, वहिनी त्यांच्यातच होती. मंडळातले दोघं-तिघं लांब उभे राहून कुजबुजत होते. एकाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, गुपचूप एखाद्याला चाखायला लावू काय. मी त्याला हाकललं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

वांग्याच्या दोन कढया होत्या. पहिलीत महाराजांनी मिठाची मूठ सोडली, झारा फिरवला. दुसरीत मसाला परतला, वांगी घातली. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. कढईची कड धरणार तेवढ्यात मी त्यांना मागे ओढलं. पाणी दिलं, बाजेवर बसवलं. ते परत उठून कढईपाशी आले आणि तिथेच थांबले. मिठाचा डबा उघडा होता. त्यांनी डब्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, हिच्यात टाकलं का म्या?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांचा खोकला बघत होतो. बायका कणकेत होत्या. कोणीच पाहिलं नव्हतं. अर्ध्या गावाची भाजी त्या कढईत होती. टाकलं नसेल तर आळणी, आणि टाकलेलं असून पुन्हा टाकलं तर तोंडात घालण्याच्या लायकीची राहणार नव्हती. मला बोट बुडवावंसं वाटलं. माझा हात कढईकडे गेलाही असेल, कारण महाराजांनी माझं मनगट धरलं.

"नैवद्य आहे," ते म्हणाले.

मग ते कढईवर वाकले. वाफ चेहऱ्यावर घेतली. झाऱ्याने वांग्याची एक फोड वर काढून उजेडात धरली. तिच्याकडे पाहता पाहता त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. मीठ पडलं की सोडतात तसं कडेला फोडींनी थोडं पाणी सोडलं होतं, की ते मला तसं वाटत होतं, मी सांगू शकत नाही. मंडळातले लोक आता जवळ आले होते.

"टाकलं आहे," महाराज म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

नैवेद्य गेला, आरती झाली, पहिली पंगत बसली. दुसऱ्या कढईची भाजी वाढायला निघाली तेव्हा महाराज मला म्हणाले, "मीठ तुम्ही फिरवा." मी मिठाची थाळी घेतली आणि रांगेतून चालायला लागलो. "मीठ... मीठ..." ज्याला कमी वाटेल त्याने हात पुढे करायचा, अशी ती पद्धत. महाराज चुलवणापाशी खांब धरून उभे होते. त्यांना चव कळत नव्हती, पण लोकांचे हात दिसत होते.

माणसं खात होती. खाली मान घालून, रोडगा चुरून, भाजी ओतून घेऊन खात होती. मी "मीठ" म्हणत प्रत्येकाच्या हाताकडे बघत होतो. रांगेच्या मध्यावर एक हात वर आला. माझे पाय जागीच थांबले. हात एका म्हाताऱ्या बुवांचा होता. त्यांनी चिमूट घेतली आणि ताकाच्या पेल्यात टाकली. मी मागे वळून महाराजांना ताकाचा पेला दाखवला, एखाद्याने जिंकलेला करंडक दाखवावा तसा. बुवा माझ्याकडे बघतच राहिले.

रांग संपली. थाळीतलं मीठ जवळपास तसंच होतं. महाराज खांबाला टेकून खाली बसले. पंचा तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

आचारी शेवटच्या पंगतीला बसतो आणि बायकाही शेवटीच बसतात. त्यामुळे त्या दिवशी महाराज वहिनीच्या समोर जेवायला बसले. मी वाढत होतो. त्यांनी पत्रावळीला हात लावला नाही. ते तिच्याकडे पाहत होते. ती रोडगा मोडत होती, भाजीत बुडवत होती, चावत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला जेवताना त्यांनी कधी पाहिलं नसावं. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला वाढून मागून जेवतात, आणि लग्नसराईत तर महाराज घरीच नसायचे.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

तिने घास गिळला. "भाजीले मीठ बरोबर आहे. वांगं मऊ आहे. रोडगा जराक कडक झाला."

"कडक?" महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी रोडग्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावला. सावकाश, बाजू बदलून चावला. मी हातात भाजीची बादली घेऊन उभा होतो. त्यांच्या गळ्यातली घाटी वरखाली झाली.

"हाव," ते म्हणाले. "कडक आहे." आणि दुसरा तुकडा मोडला.

चव त्यांना त्या दिवशी आली नाही, पुढेही कधी आली नाही. पण कडक-मऊ कळत होतं, गरम-थंड कळत होतं, आणि उरलेलं ती सांगायची. त्या दिवसापासून त्यांच्या घरी दोन ताटं समोरासमोर लागायला लागली. पहिला घास तिचा. मग ती सांगायची, आज मेथी कडवट आहे, आज ठेचा झणझणीत झाला, आणि ते ऐकत ऐकत जेवायचे. मधून हुज्जत घालायचे. "कडवट काऊन? कांदा कमी टाकला असशीन." ती म्हणायची, "खाऊन पाहा." ते खायचे. वजन उतरायचं थांबलं.

एकदा मी जेवणाच्या वेळी गेलो होतो. महाराज हात धुवायला उठले तेव्हा मी वहिनीला म्हणालो, फार वाईट झालं हो महाराजांचं, हाताला एवढी चव असलेला माणूस. ती ताट पुसत होती.

"वाईट झालंच," ती म्हणाली. "पण भाऊ, जलमभर यायले वाढून मंग चुलीपाशी एकटी जेवली मी. यायची जीभ गेली नसती तं मले समोर बसाले भेटलं असतं का?"

हे ती नवऱ्याचं दुखणं झाकायला बोलत नव्हती. दुखणं तिने पूर्ण पाहिलं होतं आणि त्याच्या शेजारीच हेही पाहिलं होतं. मला जिथे एकच गोष्ट दिसत होती तिथे तिला दोन दिसत होत्या. मला हे अजूनही नीट जमत नाही. पण तेव्हापासून मी कुठल्याही दुखण्याकडे एकदा तरी दुसऱ्या बाजूने जाऊन पाहतो, एवढं खरं.

गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी फार काही केलं नाही. महाराज थंडीत गेले. नळी मात्र लागली नाही. आदल्या दिवशी त्यांनी ताटावर बसून वाटीभर खिचडी खाल्ली होती, आणि ती जास्त पातळ झाली म्हणून कुरकुर केली होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. त्यांची मोताळ्याला दिलेली मुलगी वहिनीला आपल्याकडे न्यायला तयार होती, पण वहिनी गेली नाही. काही दिवसांनी दुपारचा मी तिकडे डोकावलो. दार उघडं होतं. वहिनी ताट घेऊन बसली होती. ताटात भाकर होती, पिठलं होतं आणि पिठल्यावर साय धरली होती. ती कधीची तशीच बसली असावी.

"जेवत नाही का, वहिनी?"

"जेवतो न," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "घास घेतला की सांगावंसं वाटते. मंग सांगाले कोणी नाही, म्हणून घासच घेत नाही."

मी चपला काढल्या. आत जाऊन फळीवरचं एक ताट घेतलं, तिच्या समोर मांडलं आणि बसलो. तिने अर्धी भाकर मला दिली, पिठलं वाढलं. मी हात लावला नाही.

"सांगा," मी म्हणालो. "कसं झालं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते तिने पुसलं नाही.

"आळणी झालं," ती म्हणाली आणि दुसरा घास मोडला.